चहातील अँटिऑक्सिडंट आणि आपले आरोग्य

घरी पाहुणा आला की प्रथम चहाचे आधण ठेवले जाते. पण या कपातून शरीराला काय मिळते, याचा विचार आपण क्वचितच करतो. जपानमधील झेन भिक्खू एइसाई यांनी तो फार पूर्वी केला होता. चहा व आरोग्य या विषयावर त्यांनी इ. स. १२११ मध्ये 'किस्सा योजोकी' हा ग्रंथ लिहिला.

हिरवा, ऊलाँग आणि काळा हे तिन्ही चहा एकाच झाडाच्या पानांपासून होतात. फरक आहे तो प्रक्रियेचा. खुडलेल्या पानांना लगेच उष्णता दिली की हिरवा चहा होतो व त्यात 'कॅटेचिन' टिकून राहते. पाने चुरडून हवेत ठेवली की ती काळवंडतात, कॅटेचिनपासून 'थिअफ्लेविन'सारखी द्रव्ये बनतात आणि आपला रोजचा काळा चहा तयार होतो. ऊलाँग या दोहोंच्या मधला. गवती चहा मात्र निराळेच गवत आहे. त्यात कॅफिन नसते.

ही द्रव्ये अँटिऑक्सिडंट आहेत. पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना ती निष्प्रभ करतात, असे प्रयोगशाळेत दिसते. शरीरात मात्र त्यांचा थोडाच भाग शोषला जातो. ब्रिटनमधील सुमारे ५ लाख लोकांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज दोन किंवा अधिक कप चहा पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्क्यांनी कमी आढळला. तो चहामुळेच कमी झाला, असे मात्र यावरून सिद्ध होत नाही.

आता दुसरी बाजू. हीच द्रव्ये डाळ, भाजी, भाकरीतील लोह बांधून ठेवतात व ते रक्तात नीट उतरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. पण चहा-चपाती खाऊन कामाला जाणारी आपली भगिनी अन्नातले थोडेफार लोहही गमावते. म्हणून जेवण व चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत. जेवणात लिंबू किंवा आवळा असावा. त्याने लोह शोषले जाण्यास मदत होते.

विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या काळात चहावर रात्री जागवू नयेत. कॅफिन झोप हिरावते आणि झोपेवाचून अभ्यास स्मरणात राहत नाही. साखर बेताची घालावी. चहा फार कढत पिऊ नये, कारण ६५ अंशांहून अधिक गरम पेयांमुळे अन्ननलिकेच्या कर्करोगाचा संभव असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सांगितले आहे.

चहा जरूर प्यावा, पण औषध समजून नव्हे. महागड्या हिरव्या चहाचा डबा आणण्यापेक्षा त्याच पैशात घरात पालेभाजी, डाळ आणि फळे आणावीत. ते अधिक हिताचे ठरेल.