जनुक संपादन : पिकात परकं काही ठेवायचं नाही, मग बदलतं काय?

बीटी कापूस आपल्याकडे २००२ साली आला. तेव्हापासून ‘जनुकात बदल’ म्हटलं, की बाहेरचा जनुक आणून पिकात घातला असंच आपल्याला वाटतं. बीटीच्या बाबतीत ते बरोबरही आहे. तो जनुक मातीतल्या एका जिवाणूचा. पण आज ज्या जनुक संपादनाबद्दल आपण बोलतोय, त्यात पिकाच्या स्वतःच्याच जनुकात बदल होतो.

उदाहरण भाताचं घेऊ. सांबा मसुरी हा बारीक दाण्याचा लोकप्रिय वाण. त्यातला एक जनुक असं एन्झाइम तयार करतो, जे सायटोकायनिन नावाचं संप्रेरक मोडून टाकतं. सायटोकायनिन टिकलं तर लोंबीत दाणे जास्त धरतात. म्हणजे हा जनुक दाण्यांवरचा ब्रेकच म्हणा ना! हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने तो ब्रेक सैल केला.

कसा? क्रिस्पर तंत्राने. यात आरएनएचा छोटा तुकडा वाटाड्याचं काम करतो. त्याची साधारण २० अक्षरं डीएनएत जिथे जुळतात, तिथे कॅस नावाचं प्रथिन काप देतं. मग पेशी तो काप स्वतःच सांधते, आणि सांधताना एखाददुसरं अक्षर गळतं किंवा वाढतं. इथे नीट लक्ष द्या : काप नेमका असतो, सांधा नाही. त्यामुळे बरीच रोपं वाढवायची, त्यांचा डीएनए वाचायचा, हवा तो बदल असलेली निवडायची. पुढच्या पिढ्यांत कात्रीचा जनुक ज्यांच्यात उरला नाही, तीच ठेवायची. शेवटी निवड करणं सुटत नाही.

यातून तयार झालेला ‘कमला’ वाण ४ मे २०२५ रोजी जाहीर झाला. चाचण्यांत उत्पादन सुमारे १९ टक्के जास्त आणि पीक सुमारे २० दिवस आधी तयार, असं तेव्हा सांगितलं गेलं. वीस दिवस कमी म्हणजे तेवढं पाणी वाचलं.

परका जनुक नसलेल्या अशा पिकांना मार्च २०२२ मध्ये जैवसुरक्षेच्या काही नियमांतून सूट मिळाली. म्हणूनच आपण दोन प्रश्न विचारत राहायला हवेत. चाचण्यांची आकडेवारी सर्वांना पाहायला मिळते का? आणि तंत्राची पेटंटं दुसऱ्यांकडे असताना, घरचं बी राखून पेरणाऱ्या शेतकऱ्याचा हक्क शाबूत राहतो का? कात्री कितीही अचूक असली, तरी या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे नाहीत.