गिटार, तानपुरा आणि चार दोरे



गेल्या महिन्यात आपल्या शनिवारच्या वर्गात 'आपले वाद्य घेऊन या' असा दिवस झाला. आम्हाला वाटले होते, पेट्या आणि तबले येतील. आल्या मात्र पाच गिटारी! त्यांतल्या दोन विजेवरच्या, आणि एकीबरोबर गुडघ्याएवढा अँप्लिफायर. मोठ्या गटातल्या ज्या मुलाचा तो होता, त्याने तो बाहेरच ठेवला आणि आत येऊन हळूच विचारले, "मराठीच्या वर्गात हा चालेल का?" चालेल म्हणजे काय! त्याच्यामुळेच आपल्या वर्गातला मुका तानपुरा बोलू लागला. ते कसे, तेच या लेखात सांगणार आहोत.

तारेचा आवाज मोठा कसा होतो?

त्या मुलाने आधी वायर न जोडताच गिटार छेडली. शेवटच्या रांगेत काहीच ऐकू आले नाही. बारीक तार हवेला फारशी हलवू शकत नाही, म्हणून तिला मदतनीस लागतो. साध्या गिटारीत पोकळ लाकडी पेटी हे काम करते आणि तानपुऱ्यात भोपळा व त्यावरची लाकडी तबली. तारेची थरथर घोडीतून तबलीत उतरते. तबली रुंद असल्यामुळे बरीच हवा हलवते आणि आवाज मोठा होतो.

विजेच्या गिटारीत पिकअप असतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत अगदी किंचित वीज निर्माण होते. अँप्लिफायर ती वाढवतो आणि स्पीकरचा कागदी पडदा हलवतो. अशा गिटारीला नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकअप गप्प बसेल, कारण चुंबकाला नायलॉनची ओळखच नाही! अमेरिकेत १९३० नंतरच्या काही वर्षांत अशा गिटारी विकायला आल्या, कारण मोठ्या वाद्यवृंदात साध्या गिटारीचा आवाज बुडून जात असे.

आवाज फाटतो तेव्हा

मग त्याने अँप्लिफायरचे बटण पूर्ण फिरवले. कानांवर हात ठेवून एक आजोबा म्हणाले, "अरे, आवाज फाटतोय!" तो हसून म्हणाला, "आजोबा, तो फाटायलाच हवा."

अँप्लिफायर आपल्या ताकदीपलीकडे गेला की आवाजाच्या लाटांचे शेंडे कापले जातात. त्या कापाकापीत मूळ स्वराबरोबर वरचे नवे स्वर मिसळतात आणि आवाज खरखरीत, पण भरदार होतो. आधी हा दोषच मानत. पण १९५८ साली लिंक रे या अमेरिकन वादकाने पेन्सिलीने स्पीकरच्या कागदाला भोके पाडली, आणि १९६४ साली लंडनच्या 'किंक्स'मधल्या डेव्ह डेव्हिसने तो कागद ब्लेडने चिरला. दोघांना हाच आवाज हवा होता. दोषाचा असा गुण झाला!

आता आपला तानपुरा

एक कुटुंब पुण्याला परत गेले, तेव्हा ते आपल्या वर्गाला तानपुरा देऊन गेले. सुरुवातीला तो छान वाजे. पुढे त्याचा आवाज ठक्क झाला. एडिनबराची थंडी आणि हॉलमधले हीटर यांना दोष देऊन आम्ही तो कोपऱ्यात ठेवला आणि फोनमधल्या तानपुऱ्यावर गाऊ लागलो.

त्या दिवशी या मुलाने आपण होऊन तानपुरा छेडला आणि विचारले, "फोनमधला झणझणतो, मग हा का नाही?" ज्यांचे गाण्याचे शिक्षण सांगलीला झाले अशा एक आई पुढे आल्या, घोडीकडे वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, दोरे कुठे गेले?"

पालकहो, आता कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी तानपुरा पुसताना तारांखाली चार मळके दोरे दिसले. कचरा समजून आम्हीच ते काढून टाकले होते!

तानपुऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा किंचित उतरता घासलेला असतो. थरथरताना तार त्या उताराला पुन्हा पुन्हा हलकेच शिवते आणि तिच्यातले वरचे स्वर झणझणून उठतात. यालाच जवारी म्हणतात. तारेखालचा सुती दोरा पुढेमागे सरकवून ती नेमकी जागा सापडते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या घोडीवर शास्त्रीय निबंध लिहिला होता. गिटारीची तार पडद्याला घासून अशी झणझणली तर गिटारवाले ती दुरुस्तीला नेतात. आपल्याकडे त्या झणझणाटासाठी कारागीर तासन्‌तास कानस चालवतो.

शिवणाच्या डब्यातला दोरा आला. मुलाने तार छेडायची, आईंनी दोरा केसभर सरकवायचा. "थांबा, इथे!" तो मध्येच ओरडला. खरखर ओळखायला त्याचा कान तयारच होता. जोडाच्या दोन्ही तारा झणझणल्या, पंचमही बराच सुधारला. हॉलमध्ये कोणी बोलेना.

खर्ज मात्र अजून बंदच आहे. त्याची जवारी उघडली की त्यातून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्यासाठी घोडी घासायला हवी, आणि तो हात मिरजेचा. तिथे शिकलगार घराण्यातले हत्यारांना धार लावणारे कारागीर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनवू लागले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगली-मिरजेकडे कोण जाणार आहे, ते आम्हाला कळवा. गंधार ऐकायचा आहे. आणि अँप्लिफायर दर शनिवारी आत आणायचा, बाहेर ठेवायचा नाही!

घरी करून पाहा: रबरबँड दोन बोटांत ताणून छेडा. मग तोच रिकाम्या डब्याच्या तोंडावर ताणून छेडा. शेवटी थरथरत्या रबराला कागदाची कड हलकेच लावा. तीन आवाजांत काय फरक पडला, ते मराठीत चार ओळींत लिहून आणा.

नवे शब्द: घोडी – ज्यावरून तारा जातात तो आधार. तबली – भोपळ्यावरची लाकडी फळी. खर्ज – खालचा षड्ज. कानस – घासायचे हत्यार.