कळण्याची अट कधीच नव्हती

निवडणूक आली की नागपूरच्या महालात गांधीगेटपासून बडकस चौकापर्यंत भोंगे सुरू होतात आणि घरोघरी मतदार-चिठ्ठ्या येतात. एखाद्या घरात मोठी माणसं पाच, चिठ्ठ्या मात्र चार. पाचवा बौद्धिक अपंगत्व असलेला तिशीतला मुलगा. प्रचाराची गाणी त्याला तोंडपाठ असतात, पण यादीत नाव नसतं. विचारलं तर आई म्हणते, "त्याले काय समजते?"

एके काळी हा प्रश्न देशातल्या बहुसंख्य मतदारांबद्दल विचारला गेला होता. १९५१-५२ची पहिली निवडणूक झाली तेव्हा बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. कुणी त्यांची परीक्षा घेतली नाही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली, पेटीवर चिन्ह लावलं. अडचण मतदाराची होती, पण बदलली ती मतदानाची पद्धत. मला हा आपल्या लोकशाहीचा सर्वांत मोठा शहाणपणा वाटतो.

बौद्धिक अपंगत्व असलेल्यांनाही कायद्याने तेव्हा सरसकट वगळलं नव्हतं. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १६ सांगतं की माणूस विकल मनाचा असावा आणि सक्षम न्यायालयाने तसं घोषितही केलेलं असावं, तरच नाव नाकारता येतं. डॉक्टरांचा दाखला म्हणजे न्यायालयाची घोषणा नव्हे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समिती पालक नेमते, ती नेमणूकही अशी घोषणा नव्हे. असा निवाडा फार थोड्यांच्या बाबतीत झालेला असतो. तरी नावं यादीबाहेर राहिली, कारण ती नोंदवायला घरातून कुणी गेलंच नाही. १९८९मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, तेव्हाही या मुलांच्या अठराव्या वर्षाची आठवण कुणाला झाली नाही.

पुढे मतदान केंद्रांवर रॅम्प आले, यंत्रांवर ब्रेल आली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ११ने आणखी एक गोष्ट मागितली: निवडणुकीचं सगळं साहित्य दिव्यांगांना सहज समजेल असं हवं. हा कायदा १९ एप्रिल २०१७ला लागू झाला. बरोबर सात वर्षांनी, १९ एप्रिल २०२४ला, नागपुरात लोकसभेचं मतदान झालं. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना तेव्हा घरून मत देण्याची सोय होती. सोप्या मराठीतली, चित्रांची माहिती घरोघरी पोचवण्याचं काम मात्र मागेच राहिलं.

सोबत्याचा नियमही जुनाच आहे. १९६१च्या निवडणूक नियमांतल्या ४९-एन खाली अंध किंवा शरीराने दुर्बल मतदाराला सोबती नेता येतो. बुद्धीच्या अडचणीचा त्यात उल्लेख नाही. आईने आत यायचं की दाराशी थांबायचं, हे मग त्या दिवशीच्या केंद्राध्यक्षावर राहतं. हा नियम बदललाच पाहिजे.

महापालिकेची निवडणूक तर याहून अवघड. मार्च २०२२पासून नागपुरात प्रशासकाचा कारभार होता. १५ जानेवारी २०२६ला मतदान झालं आणि शहराला पुन्हा नगरसेवक मिळाले. चारसदस्यीय प्रभागात एकाच मतदाराने चार मतं द्यायची, वेगवेगळ्या रंगांच्या चार मतपत्रिकांवर. चारही झाल्याशिवाय शेवटची लांब शिटी वाजत नाही. शिकल्यासवरलेल्यांचीही तिथे तारांबळ उडते. नमुन्याचं यंत्र महिनाभर आधी विशेष शाळा आणि कार्यशाळांत ठेवलं, तर हात बसायला वेळ मिळेल. बटण दाबायचं, दिवा पाहायचा, पुढच्या रंगाकडे जायचं, हे रोज करून येतं.

त्याआधी यादीत नाव हवं. विधानसभेची यादीच महापालिकेलाही चालते, त्यामुळे फॉर्म ६ एकदाच भरायचा. त्यात अपंगत्वाच्या रकान्यात हालचाल, दृष्टी, मूकबधिर असे पर्याय आहेत आणि शेवटी 'इतर'. आपल्या मुलाच्या अपंगत्वाचं वेगळं नाव तिथे सापडणार नाही. रकाना ऐच्छिक आहे, तो रिकामा ठेवला तरी अर्ज चालतो. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा; बुद्ध्यांक कुठेच विचारलेला नाही.