चेक गेला, पण पैसे आले का?

या देशात संसार मांडलेल्या आपल्या पिढीला चेकबुकाचं महत्त्व नव्यानं सांगायला नको. नोकरी लागली, बँकेत खातं उघडलं, चेकबुक हातात पडलं आणि आपण इथले झालो असं वाटलं! दूधवाला, मुलांची सहल, मंडळाची वर्गणी, सगळं चेकनं. ब्रिटनमध्ये चेकचा वापर १९९० साली शिगेला पोचला. त्या वर्षी सुमारे ४०० कोटी चेक लिहिले गेले. त्यानंतर ओहोटी लागली ती आजतागायत.

या ओहोटीत दवाखान्याचे पैसेही आले. आपल्यापैकी अनेकांची भिस्त एनएचएसवर, त्यामुळे बिल हा प्रकारच फारसा माहीत नाही. पण नोकरीबरोबर खासगी आरोग्य विमा मिळालेली कुटुंबं आपल्यात पुष्कळ आहेत, आणि डॉक्टर, डेंटिस्ट, फिजिओथेरपिस्ट मंडळीही काही कमी नाहीत. म्हणजे पैसे मागणारेही आपण आणि पैशांची वाट पाहणारेही आपणच.

बूपा ही विमा संस्था १९४७ची, एनएचएसपेक्षा एक वर्षानं मोठी. पूर्वी या धंद्यात सगळा कारभार कागदी होता. कन्सल्टंटनं बिल टाइप करून पाठवायचं, विमा कंपनीनं ते तपासायचं, मग चेक पोस्टानं यायचा. तो बँकेत नेऊन भरायचा आणि वटेपर्यंत वाट बघायची. आता रुग्णालयं आणि कन्सल्टंट आपली बिलं हेल्थकोडसारख्या यंत्रणेतून संगणकावरून विमा कंपनीकडे पाठवतात. कंपनी मंजुरीचा क्रमांक ताडून पाहते आणि पैसे बॅक्सनं थेट खात्यात टाकते. बॅक्सची सुरुवात १९६८ सालची. पहिल्या दिवशी सूचना, दुसऱ्या दिवशी प्रक्रिया, तिसऱ्या दिवशी पैसे जमा, असा तिचा कामाच्या तीन दिवसांचा शिरस्ता आहे.

एनएचएसच्या आतही हेच घडलं. औषधांच्या दुकानातून हिरव्या प्रिस्क्रिप्शनांचे गठ्ठे दर महिन्याला हिशेबासाठी रवाना व्हायचे. डेंटिस्ट लोकांचे फॉर्म ईस्टबोर्नला जायचे. आता ही कामं बहुतांशी संगणकावरूनच होतात.

सोय झाली हे खरंच. चेक पोस्टात हरवण्याची भीती गेली. पण डॉक्टरांच्या घरी हिशेब बहुधा वहिनींकडे असतो. त्यांना विचारून पाहा. चेकबरोबर एक चिठ्ठी यायची, कोणत्या पेशंटचे किती ते त्यात लिहिलेलं असायचं. आता खात्यात एकच रक्कम आणि एक क्रमांक दिसतो. त्यात दहा पेशंटांचे पैसे एकत्र असू शकतात. कोणाचं बिल पूर्ण भरलं, कोणाचं कापलं, हे कळायला कंपनीचा तपशील वेगळा उघडून जुळवावा लागतो. तो जुळवला नाही तर तुटीचं पत्र पेशंटला फार उशिरा जातं आणि ऐंशीच्या घरातल्या आजी घाबरून जातात.

पेशंटच्या बाजूनंही एक गोष्ट लक्षात ठेवावी. विमा कंपनीनं डॉक्टरांना परस्पर पैसे दिले म्हणजे आपलं देणं संपलं असं नाही. पॉलिसीतला एक्सेस, म्हणजे पहिली ठरावीक रक्कम, आपल्यालाच भरायची असते. डॉक्टरांची फी कंपनीच्या मर्यादेपेक्षा जास्त असली तर वरचा फरकही आपल्याकडे येऊ शकतो. पूर्वी चेक हातात पडला की हे आपोआप ध्यानात यायचं. आता आपणहून विचारावं लागतं.

म्हाताऱ्या माणसांचं काय, हा प्रश्न या देशानं एकदा जाहीरपणे लढवला आहे. पेमेंट्स कौन्सिल या बँकांच्या संस्थेनं डिसेंबर २००९ मध्ये जाहीर केलं की ऑक्टोबर २०१८ पर्यंत चेकची व्यवस्था बंद करायची. वृद्धांच्या आणि धर्मादाय संस्थांनी ओरड केली, पार्लमेंटच्या समितीनं जाब विचारला आणि जुलै २०११ मध्ये बेत गुंडाळावा लागला. चेक राहिला; फक्त २०१७ पासून कागदाऐवजी त्याचं चित्र बँकेकडून बँकेकडे जाऊ लागलं. म्हणून ज्यांना संगणक जमत नाही त्यांनी ओशाळं व्हायचं कारण नाही. कंपनीला सरळ फोन करून विचारावं, दुसरी सोय काय आहे?

तिकडे भारतात गंमत निराळीच. पुण्यात आईवडिलांच्या विम्याचा क्लेम करायचा, तर पैसे एनईएफटीनं येतात, पण खात्याचा पुरावा म्हणून रद्द केलेला चेक जोडायला सांगतात! म्हणजे चेक संपवायलाही चेकच लागतो. तेव्हा आईच्या कपाटातलं चेकबुक फेकू नका. चांगली गोष्ट अशी की विमा नियामकानं २०२४ साली नियम घातला: कॅशलेस उपचारांची मंजुरी एका तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची.

सगळं तारेवर टाकण्यातला धोका अमेरिकेनं पाहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या बिलं पोचवणाऱ्या बड्या कंपनीवर संगणकी दरोडा पडला आणि देशभरातल्या दवाखान्यांचे पैसे कित्येक आठवडे अडकले. रुग्ण तपासले जात होते, पण पगार द्यायला पैसे नाहीत अशी छोट्या डॉक्टरांची अवस्था झाली.

आपल्या घरी येणारा चोर मात्र एवढा मोठा नसतो. तो फक्त एक ईमेल पाठवतो: आमच्या दवाखान्याचं खातं बदललं आहे, यापुढे या क्रमांकावर पैसे भरा. अशा पत्रावर काही करू नये. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करावी. पैसे पाठवताना बँक खात्यावरचं नाव जुळतं का ते सांगते; जुळत नसेल तर थांबावं. शंका आली तर १५९ फिरवावा, इथल्या बहुतेक मोठ्या बँकांकडे तो फोन जोडून देतो. ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई देणं बँकांना बंधनकारक आहे, पण ते या देशातल्या खात्यांमधल्या व्यवहारांपुरतं. भारतात पाठवलेल्या पैशांना हे छत्र नाही.

आणि एक काम लांबणीवर टाकू नका. नवरा-बायकोपैकी एकालाच सगळे पासवर्ड माहीत असतात, आणि नेमकं तेच माणूस रुग्णालयात असतं. विम्याचे पैसे कोणत्या खात्यात येतात, पॉलिसीचे कागद कुठे आहेत, हे दोघांनाही ठाऊक हवं. वडीलधाऱ्यांशी बोलून लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी वेळेवर करून घ्यावी. माणसाची समज शाबूत असतानाच ती करता येते. यंदा सुट्टीत मुलं घरी आली की एक दुपार त्यासाठी काढा. चहा झाल्यावर बसलात तर संध्याकाळच्या आत काम उरकतं.