मोळी पडण्याआधीचा एक दिवस

खजुरी हे कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातलं, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेलं गाव. इथे राहून मी सीमाभागातल्या एका साखर कारखान्याच्या नव्या ईआरपीचं टेस्टिंग सांभाळतो. २०२५-२६ चा गाळप हंगाम तोंडावर आला आहे. गव्हाणीत मोळी पडली की सॉफ्टवेअरसाठी कुणी थांबत नाही.

सकाळी ७. घरूनच रात्रीच्या रिग्रेशनचे निकाल पाहतो. काल जे दुरुस्त केलं, त्यामुळे आधी नीट चालणारं काही मोडलं का, एवढंच त्यात शोधायचं असतं. मोडलेलं सापडलं की दिवसाचं वेळापत्रक तिथूनच बदलतं.

८.३०. वजनकाटा. भरलेलं वजन, मग रिकामं वजन, वजाबाकी ती उसाची. हे सरळ प्रकरण कधीच अडत नाही. म्हणून आम्ही दोन वजनांच्या मधे मुद्दाम नेटवर्क तोडतो. परत आल्यावर त्याच टोकनवर काम पुढे गेलं पाहिजे, नवं टोकन निघता कामा नये. काट्यावरचे काका विचारतात, "साहेब, एक ट्रॉली खाली झाली अन् दुसरी बंद पडली तर?" ही केस आमच्या यादीत नव्हती. लगेच घातली.

१०. डिफेक्टची बैठक. कर्नाटकातल्या शेतकऱ्याची पहाणी (जमिनीचा उतारा) एकर-गुंठ्यांत, पलीकडच्याचा सातबारा हेक्टर-आरमध्ये. १ एकर २५ गुंठ्यांचे दोन तुकडे मिळून ३ एकर १० गुंठे होतात. प्रणाली दाखवते २.५०. कुणीतरी म्हणतं, "किरकोळ आहे, नंतर करू." पण ऊसनोंदीचं क्षेत्र चुकलं की तोडणीचा कार्यक्रम चुकतो, टोळ्या चुकीच्या फडात जातात. हा डिफेक्ट पहिल्या क्रमांकावर जातो. पावतीवरचा वाकडा लोगो शेवटी.

१२. ऊसबिल. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३.४६ रुपये वाढतात, घटला की तेवढेच घटतात; मात्र ९.५ टक्के किंवा त्याखाली दर ३२९.०५ वरच थांबतो. तेव्हा १०.२५, १०.३५, ९.५ आणि ९.४ हे आकडे टाकून पाहायचे. चूक लपते ती अशा काठावर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वार्षिक १५ टक्के व्याज. म्हणून प्रणालीची तारीख पुढे ढकलून चौदावा आणि पंधरावा, दोन्ही दिवस तपासतो.

२.३०. यूएटी, म्हणजे वापरणाऱ्यांनी स्वतः करायची चाचणी. शेतकी खात्याचे लोक, चिटबॉय, अकाउंट्सचे कारकून स्वतः पडद्यावर बसतात. आम्ही हात बांधून मागे उभे. कुणी कन्नडमध्ये पुटपुटलं, कुणी मराठीत वैतागलं, की ते लिहून घ्यायचं. शेजारच्या टेबलावर गेल्या हंगामाच्या पावत्या नव्या प्रणालीत भरून जुन्या बिलांशी रुपया-पैशापर्यंत ताळा चालू असतो. फरक आला की चूक नव्याचीच असेल असं नाही. कधी जुनंच बिल चुकलेलं निघतं.

४.३०. पुण्याच्या डेव्हलपर मंडळींशी कॉल. "आमच्याकडे चालतंय" हे वाक्य येणारच. त्यावर वाद न घालता कुठला डेटा, कुठली पायरी, कुठला पडदा हे समोर ठेवायचं.

६. व्यवस्थापन विचारतं, "झालं ना टेस्टिंग?" टेस्टिंग संपत नसतं. काय तपासलं, काय राहिलं आणि राहिलेल्याचा धोका किती, एवढंच मी सांगू शकतो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या हर्शी कंपनीने हॅलोविनच्या मागणीआधी नवी प्रणाली एकदम सुरू केली. माल होता, तरी सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या झाल्या नाहीत. आपला हंगामही तसाच नाजूक. म्हणून माझा प्रस्ताव: ऊसनोंद आणि काटा पहिल्या दिवसापासून नव्या प्रणालीवर, सोबत हाताने रजिस्टर. बिलासाठी १४ दिवसांची मुदत आहेच, तेव्हा पहिली बिलं दोन्हीकडे काढून ताळा बसल्यावरच नव्याने द्यावीत.

गो-लाइव्हची तारीख व्यवस्थापनाने ठरवावी, तो त्यांचा अधिकार आहे. मात्र त्या कागदावर उघड्या डिफेक्टची यादी हवी, आणि खाली शेतकी, काटा व अकाउंट्स या तिन्ही खातेप्रमुखांच्या सह्या हव्यात. एकट्या टेस्टिंग मॅनेजरच्या सहीवर प्रणाली सुरू करू नये.