समुद्रावर ‘काही नाही’ हे कशावरून कळतं?

जमिनीवर घट नाही, हे ज्ञान आपल्याला कशाने होते? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, अनुपलब्धीने. मात्र घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. काळोखात घट दिसला नाही, यावरून तो नाही असं ठरत नाही. इथे सारसोळ्यात हे सोपं आहे: जाळं रिकामं आलं, तर खाडीत मासळी नव्हती म्हणण्याआधी जाळ्याची वीण बघावी लागते.

नौदलाच्या ३१५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा इतिहास आम्ही याच अटीच्या अंगाने वाचतो.

१९७६पूर्वी दूरच्या समुद्रावर विमानातून नजर ठेवणं हे हवाई दलाचं काम. पुण्याच्या लोहगाव तळावरचं ६ क्रमांकाचं स्क्वाड्रन ते करी. आधी लिबरेटर, मग एअर इंडियाने प्रवाशांसाठी वापरलेली सुपर कॉन्स्टेलेशन विमानं घेऊन. प्रश्न असा, की विमान उडतं म्हणून हवाई दलाचं, की ते समुद्र पाहतं म्हणून नौदलाचं? आम्हाला दुसरी बाजू पटते. काय दिसायला हवं होतं हे ज्याला ठाऊक, त्याच्याच ‘दिसलं नाही’ला किंमत! १९७६मध्ये ते काम नौदलाकडे आलं, आणि १ ऑक्टोबर १९७७ रोजी गोव्यात, दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर हे स्क्वाड्रन उभं राहिलं.

विमानं सोव्हिएत बनावटीची, आयएल-३८. आता पाणबुडी पाण्याखाली असताना डोळे काय करणार? म्हणून सोनोबॉय टाकायचे. ते पाण्यातला आवाज ऐकून रेडिओवरून वर विमानात पाठवतात. शिवाय शेपटीच्या लांब दांड्यात मॅग्नेटोमीटर. पाणबुडीच्या लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडलेला फरक तो टिपतो, पण जवळून गेलं तरच. एवढा खटाटोप केल्यावरच ‘काही आढळलं नाही’ या अहवालाला प्रमाणाचा दर्जा मिळतो.

त्याची किंमतही मोजावी लागली. १ ऑक्टोबर २००२ला, ऐन रौप्यमहोत्सवाच्या दिवशी, गोव्याच्या आकाशात स्क्वाड्रनची दोन विमानं एकमेकांवर आदळली आणि त्यांतले १२ही नौसैनिक गेले. ताफा मुळात अवघा पाच विमानांचा. आयएल-३८ निवृत्त झाली ती २०२३मध्ये. त्याआधीच, २०२२ला, हंसावर पी-८आय विमानांचं ३१६ क्रमांकाचं स्क्वाड्रन आलं होतं.

मात्र नोव्हेंबर २००८चे हल्लेखोर पाणबुडीतून आले नव्हते. ते आले ‘कुबेर’ या मासेमारी ट्रॉलरमधून. तो अदृश्य नव्हता. चारचौघींसारखी एक होडी, एवढंच. इथे उपलब्धी होती, ओळख नव्हती, आणि ओळखीसाठी कितीही उंचावरची नजर अपुरी पडते. पुढे होड्यांना राज्यवार रंग आणि मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, ती यासाठी.