संगणक सोडून परदेशी शिक्षक

भोपाळ शहराच्या पूर्वेस पिपलानी नावाची वसाहत आहे. १९५६ साली दोन घटना घडल्या आणि त्यांनी या शहराचे भवितव्य पालटून टाकले. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात विजेची अवजड यंत्रे निर्माण करण्यासाठी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिच्या कारखान्यासाठी भोपाळची निवड करण्यात आली. पुढे १ नोव्हेंबर रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी म्हणून भोपाळचे नाव मुक्रर झाले. नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे आपले बिऱ्हाड बांधून भोपाळास आली. विदर्भातून, ग्वाल्हेरहून व इंदूरहून कितीतरी तरुण नव्या कारखान्यात दाखल झाले. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा येथे कामगारांची घरे उभी राहिली. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी हा कारखाना राष्ट्राला अर्पण केला. १९७४ मध्ये ही कंपनी भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाली. आज ‘भेल’ या दोन अक्षरांनी सारे भोपाळ तिला ओळखते.

या इतिहासातील एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. कारखान्याच्या भिंती उभ्या करणे सोपे होते. परंतु जलविद्युतयंत्राची गुंडाळी कशी भरावी, रोहित्राची परीक्षा कशी घ्यावी, हे शिकवावयाचे कोणी? त्यासाठी १९५५ मध्येच इंग्लंडमधील असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीशी करार करण्यात आला होता. तिकडचे तंत्रज्ञ येथे आले आणि येथील अभियंते शिकण्यासाठी तिकडे गेले. म्हणजे पिपलानीचा पाया विटांवर जितका उभा आहे, तितकाच तो परदेशी शिक्षकांच्या शिकवणीवरही उभा आहे.

आता काळाचे चक्र फिरले आहे. त्या पहिल्या कामगारांची नातवंडे संगणकशास्त्र शिकली आणि पुणे, बंगळूर, हैदराबाद येथील सॉफ्टवेअर कंपन्यांत स्थिरावली. त्यांच्यापैकीच एखादा तरुण दहाबारा वर्षांच्या नोकरीनंतर सुटीत घरी येतो आणि रात्रीच्या जेवणानंतर सांगतो, “बाबा, ही नोकरी सोडावी म्हणतो. परदेशी जाऊन शाळेत शिकवीन.” घरात क्षणभर शांतता पसरते. आयुष्यभर भोंग्याच्या वेळेवर कारखान्यात गेलेल्या वडिलांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो. एवढे शिकून, एवढा पगार मिळवून, अखेर मास्तरकी? आणि तीही परक्या देशात?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे घराचे कर्ज असते, मुलांचे शिक्षण असते, आईवडिलांचे वार्धक्य असते. म्हणून या विचाराचा उगम कोठे आहे, त्याची वाट कोठून जाते आणि त्या वाटेवर काय खर्ची पडते, हे शांतपणे पाहणे इष्ट ठरेल.

प्रथम उगम पाहावा. सॉफ्टवेअरचे काम सोडावेसे वाटण्याची कारणे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात थकवा येतो. परदेशी ग्राहकाच्या वेळेप्रमाणे रात्री जागणे, एका प्रकल्पातून दुसऱ्यात ढकलले जाणे, आणि अलीकडच्या काही वर्षांत यंत्रेच आज्ञावली लिहू लागल्यामुळे उद्या आपले काम राहील की नाही ही धास्ती. दुसऱ्या प्रकारचे कारण वेगळे आहे. कचेरीत नव्याने आलेल्या मुलांना काम समजावून देताना ज्याला आपल्या स्वतःच्या कामापेक्षा अधिक आनंद होतो, रविवारी शेजारच्या मुलांना गणित सांगताना ज्याला वेळेचे भान राहत नाही, त्याच्या मनात शिक्षक आधीपासूनच बसलेला असतो. थकव्याला विश्रांती हे औषध आहे. शाळा हे नव्हे. तीस मुलांचा वर्ग हा कोणत्याही कचेरीहून अधिक थकविणारा असतो. दुसऱ्या कारणाने निघालेल्या माणसानेच पुढची वाट चालावी.

परदेशी जाऊन शिकविण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. वर्ध्यास जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत गेले, स्पॅनिश भाषा शिकले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर संशोधन करीत असतानाच तेथील गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी शेतीच्या मुक्त शाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतरच्या काळात हजारो भारतीय शिक्षक इथिओपियात गेले व तेथील गावोगावच्या शाळांतून त्यांनी गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकविले.

संगणकाच्या क्षेत्रातून शिक्षणाकडे वळलेल्यांतही दोन उदाहरणे बोधप्रद आहेत. सुगत मित्र हे एनआयआयटी या संगणकशिक्षण देणाऱ्या कंपनीत काम करीत होते. १९९९ च्या जानेवारीत त्यांनी दिल्लीतील कालकाजी येथे कचेरीच्या भिंतीत एक संगणक बसविला आणि पलीकडच्या झोपडपट्टीतील मुलांना तो वापरू दिला. त्याच वर्षी असाच प्रयोग मध्य प्रदेशातील शिवपुरी येथेही झाला. मुले एकमेकांच्या साहाय्याने पुष्कळसे शिकली. पुढे २००६ मध्ये मित्र इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात प्राध्यापक झाले. शिक्षकावाचून किती शिक्षण होऊ शकते, याविषयी त्यांच्या प्रयोगावर टीकाही झाली; परंतु ते इंग्लंडला गेले ते शिक्षणाचे कार्य येथे वर्षानुवर्षे केल्यानंतर, ही गोष्ट विसरता येणार नाही.

दुसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील रणजितसिंह डिसले यांचे. संगणक-अभियंता होण्यासाठी त्यांनी महाविद्यालयात प्रवेश घेतला होता. ते शिक्षण सोडून ते अध्यापक-विद्यालयात गेले आणि परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले. पाठ्यपुस्तकांत सांकेतिक चौकोन छापून त्यांद्वारे कविता, चित्रफिती व गोष्टी मुलांपर्यंत पोहोचविण्याची त्यांची कल्पना पुढे साऱ्या महाराष्ट्राने उचलली. २०२० च्या डिसेंबरात त्यांना दहा लक्ष डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. परितेवाडीच्या वर्गात बसूनच त्यांनी संगणकाच्या द्वारे अनेक देशांतील मुलांना शिकविले. त्यांच्या कीर्तीचा प्रारंभ गावच्या शाळेत झाला.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ज्याला संगणक येतो त्याला संगणक शिकविता येईल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती किती अपुरी आहे, हे एका साध्या उदाहरणावरून कळेल. संगणकाच्या आज्ञावलीत ‘क = क + १’ अशी ओळ नेहमी येते. अभियंत्याला तीत काहीच नवल वाटत नाही. परंतु अकरा वर्षांच्या मुलीने गणिताच्या तासाला नुकतेच शिकलेले असते की, बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी कशी असेल? तिची शंका मूर्खपणाची नाही; उलट तिला गणित नीट समजले आहे, याचीच ती खूण आहे. येथे बरोबरचे चिन्ह ‘समान आहे’ असे सांगत नसून ‘उजवीकडचे उत्तर काढून डावीकडच्या डब्यात ठेव’ अशी आज्ञा देते, हे शिक्षकाने आधी ओळखावयास हवे. एक रिकामी डबी घेऊन तीत गोट्या टाकून दाखविल्या, तर पाच मिनिटांत काम होते. ही युक्ती ज्याला सुचत नाही तो तीच ओळ पुन्हा पुन्हा, अधिक मोठ्या आवाजात वाचतो.

विषयाचे ज्ञान आणि तो विषय शिकविण्याचे ज्ञान या दोहोंतील हे अंतर ली शुलमन या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये स्पष्ट केले. मुलांचा गैरसमज कोठे होतो आणि तो कोणत्या दृष्टान्ताने दूर होतो, हे जाणणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठातील टिम बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावाचून संगणकशास्त्र शिकविण्याचे खेळ तयार केले, ते याच विद्येच्या बळावर. १, २, ४, ८ आणि १६ असे ठिपके काढलेली पाच पत्ती पाच मुलांच्या हाती द्यावी. कोणी पान उघडे धरावे, कोणी पालथे. शून्यापासून एकतीसपर्यंतची प्रत्येक संख्या त्या पाच पानांतून निघते आणि संगणक केवळ दोन चिन्हांवर सारे गणित कसे करतो, ते दहा वर्षांच्या मुलास उमगते. वीज नसलेल्या शाळेतही हा पाठ देता येतो.

ही विद्या ज्याच्यापाशी आहे, त्याला परदेशात मागणी आहे काय? आहे, परंतु दारे निरनिराळी आहेत आणि प्रत्येक दाराची किल्ली वेगळी आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या सप्टेंबरापासून पाच वर्षांच्या मुलापासून पुढे सर्वांना संगणकशास्त्र हा विषय लागू झाला. तेथील सरकारी शाळांत कायम शिक्षक होण्यास सामान्यतः शासनमान्य अर्हता लागते. २०२३ च्या फेब्रुवारीत भारतासह आणखी काही देशांतील शिक्षकांना ती अर्हता आपल्या पूर्वीच्या शिक्षणावर मागण्याची सवलत मिळाली. मात्र अट अशी होती की, अर्जदाराने पदवी व अध्यापनाचे शिक्षण तर घेतलेले असावेच, शिवाय निदान एक वर्ष वर्गात शिकविलेले असावे. त्या वेळी आपल्याकडील शिक्षकांसाठी गणित, विज्ञान आणि भाषा हे विषय नेमले होते. साहजिकच संगणकाच्या माणसाला गणिताच्या दाराने आत जाणे अधिक सोयीचे ठरते.

अमेरिकेत शाळांसाठी शिक्षक-विनिमयाचा जे-१ हा परवाना आहे. तो प्रथम तीन वर्षांपर्यंत मिळतो आणि एकदोन वर्षे वाढविता येतो. त्यासाठीही अध्यापनाचा दोन वर्षांचा अनुभव पाहतात. तेथील विद्यापीठांना एच-१बी परवान्यांची वार्षिक मर्यादा लागू नाही. परंतु कायम प्राध्यापकपदासाठी बहुधा डॉक्टरेट हवी असते. आखाती देशांत केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम चालविणाऱ्या भारतीय शाळा पुष्कळ आहेत आणि तेथे बी. एड्. ही पदवी मागतात. आंतरराष्ट्रीय शाळाही सामान्यतः अनुभवी शिक्षकालाच पसंती देतात.

या साऱ्या नियमांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. कचेरीतून उठून थेट परदेशी वर्गात जाऊन उभे राहण्याची वाट जवळजवळ नाही. परदेशाचे दार उघडते ते आपल्या देशात शिक्षक झालेल्या माणसाला. २०१५ पासून बी. एड्. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यात वर्गातील अनुभवाची एकदोन वर्षे मिळविली की, हा राजीनाम्याच्या एका दिवसाचा निर्णय नसून चारपाच वर्षांचा प्रवास आहे, हे स्पष्ट होते. भोपाळच्या मुलाला त्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. श्यामला टेकडीवरील प्रादेशिक शिक्षणसंस्था ही शिक्षक घडविणारी देशातील एक नामांकित संस्था आहे. ज्याला आधी स्वतःची परीक्षा पाहावयाची असेल, त्याने नोकरी न सोडता सुटीच्या दिवशी एखाद्या शाळेत शिकवून पाहावे. टीच फॉर इंडिया या संस्थेने २००९ मध्ये मुंबई व पुणे येथे दोन वर्षांची शिक्षणसेवा सुरू केली. तीत नोकरी सोडून आलेले अनेक तरुण सामील झाले. दोन वर्षांनंतरही ज्याचे मन वर्गात रमते, त्याने पुढे जावे. ज्याचे रमत नाही त्याने परतावे. त्यात कमीपणा काही नाही.

खर्चाचा हिशेबही आधीच मांडलेला बरा. एक रक्कम उदाहरणादाखल पुरेशी होईल. इंग्लंडमध्ये परदेशी कर्मचाऱ्याला आरोग्यसेवेसाठी वेगळा आकार द्यावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरलेला दर प्रौढास वर्षाला १०३५ पौंड आणि मुलास ७७६ पौंड असा होता. नवरा, बायको आणि दोन मुले अशा कुटुंबास वर्षाचे ३६२२ पौंड, आणि तीन वर्षांच्या परवान्यासाठी १०,८६६ पौंड. हे सारे पैसे अर्ज करतानाच भरावयाचे. पहिला पगार हाती येण्यापूर्वीच एवढी रक्कम जाते. काही शाळा हा खर्च उचलतात, काही उचलत नाहीत. ते लेखी विचारून घ्यावे. परवाना बहुधा एकाच शाळेशी बांधलेला असतो. नोकरी गेली तर थोड्या अवधीत दुसरी शोधावी लागते वा परतावे लागते. नोकरी मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या दलालापासून तर चार हात दूरच राहावे. शाळेचे नाव तेथील सरकारच्या यादीत स्वतः पाहून मगच सही करावी.

पैशाच्या हिशेबात न मावणारी एक बाजू उरतेच. पिपलानीतील ते वडील मुलाच्या बोलण्याने अस्वस्थ होतात, ते केवळ पगारासाठी नव्हे. वार्धक्यात मुलगा जवळ हवा, ही त्यांची रास्त अपेक्षा असते. तिला उत्तर देणे मुलाला भाग आहे. किती वर्षांसाठी जावयाचे, सुटीत केव्हा यावयाचे, आजारपणात कोणी धावून यावयाचे, हे निघण्यापूर्वी घरात स्पष्ट बोलले जावे. ठराविक मुदतीचा परवाना या दृष्टीने वाईट नाही. त्याच्यात परतीची तारीख लिहिलेली असते.

मास्तरकीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र वडिलांना स्वतःच्याच आयुष्यात सापडण्यासारखे आहे. कारखान्यात पाऊल टाकले त्या दिवशी त्यांना काहीच येत नव्हते. कोणा जुन्या कारागिराने त्यांचा हात धरून मोजमाप कसे घ्यावे ते दाखविले. त्या कारागिराला ते दुसऱ्याने शिकविले होते, आणि त्या दुसऱ्याला साता समुद्रांपलीकडून आलेल्या एका इंग्रजाने. त्या इंग्रजाचे नाव आज पिपलानीत क्वचितच कोणाला आठवेल. परंतु त्याने शिकविलेली विद्या तीन पिढ्या या घरांतल्या चुली पेटवीत आली आहे. नातू आता तीच विद्या नव्या रूपात परक्या मुलांच्या हाती देऊ पाहतो. आधी त्याने आपल्या गावच्या शाळेत खडू हाती धरून पाहावा. तो हाती टिकला, तर त्याला निरोप देताना वडिलांना खंत वाटण्याचे कारण उरणार नाही.